जर्सी रेड्स: विजेतेपदापासून कुलपापर्यंत

28 सप्टेंबर 2023, गुरुवार. जर्सी रेड्स या रग्बी क्लबने खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं, की सप्टेंबरचा पगार होणार नाही आणि क्लबचे व्यवहार इथेच थांबत आहेत. क्लब बुडणं इंग्लिश रग्बीत एव्हाना नवं राहिलेलं नव्हतं. पण हा क्लब त्या दिवशी दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे आरएफयूच्या (रग्बी फुटबॉल युनियन, इंग्लिश रग्बीची नियामक संस्था) चॅम्पियनशिपचा, विजेता होता. 2022-23 च्या मोसमात त्याने अकरा संघांना मागे टाकून पहिला क्रमांक पटकावला होता, आणि त्याला जेमतेम सहाएक महिने होत होते. त्याच सप्टेंबरात त्याने बाथसारख्या पहिल्या श्रेणीतल्या क्लबला 34-10 असं हरवलंही होतं.

म्हणून या प्रकरणाकडे नीट बघायला हवं. मैदानावर क्लबने करण्यासारखं जे होतं ते सगळं केलं होतं, आणि तरी तो टिकला नाही. बरीच उलटसुलट माहिती वाचून माझं मत असं झालं आहे, की जर्सीचा घात पराभवाने केला नाही आणि नुसत्या अव्वाच्या सव्वा खर्चानेही केला नाही. ज्या लीगमध्ये तो खेळत होता ती लीग दोन वर्षांनी कशी असेल, तिला किती पैसे मिळतील, जिंकणाऱ्याला वर जाता येईल की नाही, यांतल्या एकाही प्रश्नाला कोणी उत्तर देत नव्हतं. दरवर्षी खिशातून पैसे घालणारी माणसं या अनिश्चिततेपुढे थकली.

बेटावरचा क्लब

जर्सी हे इंग्लिश खाडीतलं बेट. क्षेत्रफळ सुमारे 120 चौरस किलोमीटर, वस्ती एक लाखाच्या थोडी वर. फ्रान्सचा किनारा वीस-बावीस किलोमीटरवर, इंग्लंडचा मात्र दीडशेच्या आसपास. बेटावर ब्रिटिश राजसत्तेचं छत्र असलं तरी ते युनायटेड किंगडमचा भाग नाही. विधानसभा वेगळी, कर वेगळे, कायदे वेगळे. बँका आणि ट्रस्ट कंपन्या यांच्या जिवावर बेटाचं अर्थकारण चालतं, त्यामुळे क्लबला हात देणारे धनिक तिथे होते.

क्लब 1879 चा. मैदान सेंट पीटर भागात, विमानतळाला लागून. अनेक दशकं हा हौशी क्लब होता. मग एकविसाव्या शतकात त्याने खालच्या श्रेण्यांमधून चढायला सुरुवात केली, 2011 मध्ये नॅशनल लीग 2 साउथ जिंकली, लगेच 2012 मध्ये नॅशनल लीग 1 जिंकली आणि चॅम्पियनशिपमध्ये दाखल झाला. 2014 पासून संघाची सूत्रं दक्षिण आफ्रिकेच्या हार्वी बिल्यॉन यांच्याकडे होती. 2016 मध्ये ‘जर्सी रेड्स’ हे नाव आलं. 2021 मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सच्या, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या, संघाने दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याआधीचं सराव शिबिर याच बेटावर घेतलं, यावरून तिथल्या सोयींचा दर्जा कळावा.

आता खर्चाची बाजू. बारा संघांच्या लीगमध्ये प्रत्येक संघ 22 सामने खेळतो, त्यांतले 11 बाहेर. इतर क्लबांच्या बहुतेक दौऱ्यांना एक बस भाड्याने घेतली की काम भागतं. जर्सीला प्रत्येक वेळी समुद्र ओलांडावा लागे. सामन्याचे 23 खेळाडू, राखीव एक-दोन, प्रशिक्षक, फिजिओ, सामान. सगळ्यांची विमानाची तिकिटं, मग इंग्लंडमध्ये उतरल्यावर बस, मग हॉटेल. डॉन्कास्टर यॉर्कशरमध्ये, कॉल्डी थेट लिव्हरपूलजवळ, कॉर्निश पायरेट्स नैऋत्य टोकाला पेन्झन्समध्ये. त्यात जर्सीचा विमानतळ धुक्यासाठी प्रसिद्ध. धुकं उतरलं की विमानं अडकणार, आणि मग आदल्या रात्री पोचून पाय मोकळे करायचे सोडून सामन्याच्या दिवशी सकाळी धावाधाव.

दुसरी अडचण कमी दिसते, पण मला ती जास्त मोठी वाटते. चॅम्पियनशिपमध्ये काही क्लब पूर्णवेळ व्यावसायिक होते आणि काही अर्धवेळ. लंडनजवळच्या क्लबला अर्धवेळ चालवणं जमतं. खेळाडू दिवसभर कुठेतरी नोकरी करतो, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सरावाला येतो, शनिवारी खेळतो. क्लबवर त्याच्या संसाराचा भार नसतो. जर्सीत हे जमणार कसं? एवढ्याशा वस्तीतून दुसऱ्या श्रेणीत टिकेल असा पन्नासेक जणांचा ताफा उभा राहत नाही, म्हणजे खेळाडू बाहेरूनच आणायचे. आणि बाहेरून आलेल्या माणसाला तिथे हवी ती नोकरी, हवं ते घर लगेच मिळत नाही. कोणी कुठे काम करायचं, कोणत्या घरात राहायचं, यासाठी कायद्याने परवान्याचे वर्ग ठरवलेले आहेत. घरं मुळात कमी आणि महाग. त्यामुळे खेळाडू आणायचा तर पूर्ण पगार द्यायचा आणि डोक्यावर छप्परही बघायचं. पैसे कमी पडले तर अर्धवेळ होऊ, ही पळवाट इतर क्लबांना होती. जर्सीला ती जवळपास नव्हतीच.

2022-23

त्या मोसमात लीगमध्ये अँप्टहिल, बेडफर्ड ब्लूज, कॉल्डी, कॉर्निश पायरेट्स, कॉव्हेंट्री, डॉन्कास्टर नाइट्स, ईलिंग ट्रेलफाइंडर्स, हार्टपुरी, जर्सी रेड्स, लंडन स्कॉटिश, नॉटिंगहॅम आणि रिचमंड असे बारा संघ होते. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. चार किंवा जास्त ट्राय केल्या (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवला) तर एक बोनस गुण, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी एक बोनस गुण.

या गुणपद्धतीमुळे लांब मोसमात फक्त जिंकून भागत नाही. तीन ट्राय झाल्या आहेत, सामना हातात आहे, पंधरा मिनिटं उरली आहेत. अशा वेळी प्रतिस्पर्ध्याने चूक केली आणि पेनल्टी मिळाली, की कर्णधाराला ठरवावं लागतं. गोलखांबांवर मारून सोपे तीन गुण घ्यायचे, की चेंडू कोपऱ्यात बाहेर लाथाडून गोलरेषेपासून पाच मीटरवर लाइनआउट (बाहेरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकणं) घ्यायचा, मॉल (चेंडूवाल्या खेळाडूभोवतीचा उभा घोळका) बांधायचा आणि रेटत रेटत चौथी ट्राय करायची. दुसरा मार्ग घेतला तर फॉरवर्ड्सच्या खांद्यांवर आणखी भार, दुखापतीची शक्यता जास्त, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विमान. विजेता संघ हे वर्षभर करत राहतो. नोव्हेंबर-डिसेंबरात मैदानं जड होतात, चेंडू निसरडा असतो, आणि त्या दिवसांत मिळवलेले हे एकेक बोनस गुण एप्रिलच्या तक्त्यात दिसतात.

गतविजेता ईलिंग हा लीगमधला सर्वात सधन क्लब. ट्रेलफाइंडर्स या पर्यटन कंपनीचे संस्थापक माइक गूली यांचं पाठबळ त्याच्यामागे. जर्सीने त्याला मागे टाकलं आणि ईलिंग दुसरा राहिला. चॅम्पियनशिपमधलं हे जर्सीचं पहिलंच विजेतेपद, 2012 मध्ये या श्रेणीत आल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने. मोठ्या शहराचं प्रेक्षकबळ नाही, दूरचित्रवाणीचा पैसा नाही, निम्मे सामने समुद्रापलीकडे, आणि तरी पहिला क्रमांक. इंग्लिश क्लब रग्बीतल्या अलीकडच्या कामगिऱ्यांमध्ये मी हिला फार वर ठेवीन.

याच तक्त्याच्या तळाला रिचमंड होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या मोसमानंतर तो खाली गेला. रिचमंडचं नाव पुढे पुन्हा येईल.

वर जायची वाट

जिंकल्यावर पुढे काय? काहीच नाही. जर्सीला प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे पहिल्या श्रेणीत, बढती मिळाली नाही, आणि मिळणार नाही हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये बी डिव्हिजनचा क्लब मोसमभर चिखलात खेळतो तो ए डिव्हिजनच्या ओढीने. तिथे बढती-पदावनती हा स्पर्धेचा प्राण आहे. इंग्लिश रग्बीतही तो होता. एक्सटर चीफ्सचं उदाहरण घ्या. 2010 मध्ये त्यांनी चॅम्पियनशिपच्या अंतिम लढतीत ब्रिस्टलला हरवून बढती मिळवली, 2017 मध्ये प्रीमियरशिप जिंकली, आणि 2020 मध्ये प्रीमियरशिपबरोबर युरोपचा चॅम्पियन्स कपही. दहा वर्षांत दुसऱ्या श्रेणीतून युरोपच्या शिखरावर. या एका उदाहरणाने किती क्लबांच्या मालकांना खिशात हात घालायला लावलं असेल याची कल्पना करता येते.

पण वर जायचं तर नुसतं जिंकून चालत नव्हतं. प्रीमियरशिपच्या किमान निकषांत मैदानाची क्षमता 10,001 हवी अशी अट होती. जर्सीच्या संदर्भात याचा अर्थ, बेटावरच्या दर दहा माणसांमागे एकाला बसेल एवढं स्टेडियम. हे निकष अनेकदा वादात सापडले. 2012 मध्ये लंडन वेल्शने चॅम्पियनशिप जिंकली, रग्बी फुटबॉल युनियनने आधी बढती नाकारली, आणि अपिलात क्लब जिंकला. 2021-22 मध्ये ईलिंगने लीग जिंकली. ईलिंग आणि डॉन्कास्टर दोघेही निकषांत बसत नाहीत, हा निकाल मोसम संपायच्या आधीच आला होता. म्हणजे उरलेले सामने खेळाडू खेळले ते, वर जायचं दार बंद आहे हे ठाऊक असताना.

दरम्यान प्रीमियरशिपने कोविडच्या काळात पदावनती थांबवली. शेवटचा बढती मिळालेला क्लब म्हणजे 2021 चे सॅरसेन्स. पण ते काही खालून चढून आलेले नव्हते. पगारमर्यादा मोडल्याच्या शिक्षेपायी एक वर्ष खाली आले होते आणि परत गेले. अंतिम फेरीच्या दोन सामन्यांत त्यांनी ईलिंगला 60-0 आणि 57-15 असं धुतलं. त्या आकड्यांकडे बोट दाखवून ‘बघा, दोन श्रेण्यांत किती अंतर आहे’ असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. मला तो युक्तिवाद पटत नाही. एका बाजूला इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातले दिग्गज, दुसऱ्या बाजूला ज्याला वरच्या श्रेणीचा एक पैसा मिळत नाही असा क्लब. अंतर असणारच, आणि ते पैशाच्या वाटपातून आलेलं आहे.

पैशाचा हिशेब

फेब्रुवारी 2020 मध्ये युनियनने जाहीर केलं, की चॅम्पियनशिपच्या प्रत्येक क्लबला मिळणारं सुमारे 5,34,000 पौंडांचं वार्षिक अनुदान पुढच्या मोसमापासून 2,88,000 पौंडांवर येईल. जवळजवळ निम्मं. नंतर कोविड आला आणि जुना आकडा काही परत दिसला नाही.

पूर्णवेळ ताफा ठेवणाऱ्या क्लबसाठी ही कपात किती खोल जाते? पाच लाखांतून अडीच लाख गेले, की ते भरून काढायला तिकिटं, बार आणि स्थानिक प्रायोजक एवढेच मार्ग. घरचे सामने वर्षाला 11. तिकिटाचा दर थोडा वाढवता येतो, पण प्रेक्षक वाढवायला बेटावर माणसंच मोजकी. उरलेली खिंड दरवर्षी मालक आणि हितचिंतक लढवणार.

वरच्या श्रेणीत चित्र वेगळं. डिसेंबर 2018 मध्ये सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने प्रीमियरशिपचा 27 टक्के हिस्सा घेतला. जुन्या क्लबांकडे मध्यवर्ती उत्पन्नातल्या वाट्याचे खास समभाग आहेत. खालून नव्याने येणाऱ्याला तो पूर्ण वाटा मिळत नाही. म्हणजे वर गेलात तरी इतरांपेक्षा कमी पैशात त्यांच्याशीच लढा.

इतकं असून वरचे क्लबही तगत नव्हते. वूस्टर वॉरियर्स 26 सप्टेंबर 2022 ला प्रशासकांच्या ताब्यात गेला, वॉस्प्स 17 ऑक्टोबरला, आणि जून 2023 मध्ये लंडन आयरिशला लीगमधून निलंबित करण्यात आलं. प्रीमियरशिपचे संघ 13 वरून 10 वर आले. मग दुसऱ्या श्रेणीची नव्याने रचना करायची, तिला ‘प्रीमियरशिप 2’ म्हणायचं, प्रवेशासाठी निकष लावायचे, अशा वाटाघाटी सुरू झाल्या. किती संघ, कोणते, किती पैसे, कधीपासून? 2023 च्या उन्हाळ्यात याची ठाम उत्तरं नव्हती.

आता जर्सीमधल्या एखाद्या गुंतवणूकदाराच्या जागी बसून बघा. तुम्ही दहा वर्षं पैसे घातलेत. संघाने विजेतेपद मिळवून दिलं. वर जाता येत नाही. आहे ती लीग मोडून नवी होणार आहे, तिच्यात बेटावरच्या क्लबला जागा असेल का माहीत नाही. अनुदान किती माहीत नाही. आणि मोसम सुरू होतोय, तर आणखी एका वर्षाचे पगार द्या. क्लबचे अध्यक्ष मार्क मॉर्गन यांनी बंद करताना जी भूमिका मांडली तिचा रोख हाच होता: दुसऱ्या श्रेणीच्या भवितव्याबद्दल स्पष्टता न आल्याने पाठबळ देणाऱ्यांचा विश्वास उडाला.

शेवटचा महिना

सप्टेंबर 2023 मध्ये फ्रान्समध्ये विश्वचषक सुरू होता. त्यामुळे प्रीमियरशिप ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होणार होती, आणि मधल्या काळात प्रीमियरशिप रग्बी कप खेळवला जात होता. या वेळी त्यात दुसऱ्या श्रेणीच्या क्लबांनाही घेतलं होतं. बाथ जर्सीला आला आणि 34-10 असा हरून गेला. बाथचे राष्ट्रीय खेळाडू विश्वचषकात होते हे खरं. तरीही पूर्णवेळ प्रीमियरशिप ताफ्याविरुद्ध चोवीस गुणांचा फरक म्हणजे साधी गोष्ट नाही. हेच खेळाडू काही दिवसांत बेरोजगार होणार होते.

व्यावसायिक रग्बीत सप्टेंबरअखेर नोकरी जाणं यासारखी वाईट वेळ नाही. सगळ्या क्लबांचे ताफे उन्हाळ्यातच भरलेले असतात, पगाराचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं. वर्षभरात तीन मोठे क्लब बुडाल्यामुळे बाजारात आधीच खेळाडूंची गर्दी. ज्याला जागा मिळाली त्याला ती कमी पैशांत. ज्याला मिळाली नाही त्याला बेटावरचं घरही सोडायचं, कारण तिथल्या राहण्याचा आधारच ती नोकरी होती. परदेशातून आलेल्यांचा व्हिसाचा प्रश्न वेगळा. बायको-मुलांसह आलेल्या, मुलांची शाळा नुकतीच सुरू झालेल्या खेळाडूंनी हे कसं निभावलं असेल? क्लबच्या कार्यालयातली, मैदानाची देखभाल करणारी माणसं तर बातम्यांत आलीही नाहीत.

लीगचा मोसम ऑक्टोबरमध्ये सुरू होणार होता. विजेतेपद राखण्यासाठी जर्सीने एकही लीग सामना खेळला नाही. बारांची लीग अकरांची झाली, प्रत्येक क्लबचे 22 ऐवजी 20 सामने, आणि प्रत्येकाचा घरचा एक सामना, म्हणजे एका शनिवारची तिकिटं आणि बारचा गल्ला, बुडाला. एका क्लबच्या पडण्याने दुसऱ्या दहा-अकरा गरीब क्लबांच्या अंदाजपत्रकाला भोक पडतं, ही गोष्ट चर्चेत फारशी आली नाही.

दोष कोणाचा, आणि वेगळं काय करता आलं असतं

क्लबला पूर्ण निर्दोष ठरवणं बरोबर होणार नाही. उत्पन्नापेक्षा जास्त खर्च, आणि तूट भरायला मोजक्या लोकांची मर्जी, या पायावर क्लब दहा वर्षं उभा होता. 2020 मध्ये अनुदान कापलं गेलं तेव्हाच ‘पुढच्या तीन वर्षांत काय’ हा प्रश्न ऐरणीवर आला होता. पूर्णवेळ ताफा ठेवून विजेतेपदाच्या मागे जायचं, हा निर्णय क्लबचा स्वतःचा. निम्मे सामने विमानाने खेळणाऱ्या क्लबने राखीव निधी ठेवायला हवा होता, असं म्हणणाऱ्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही.

एक पर्याय इतिहासात होता. रिचमंड, 1861 मध्ये स्थापन झालेला क्लब, व्यावसायिक युग सुरू होताच 1996 मध्ये एका धनिकाच्या पैशावर उडी मारून वर गेला. पैसा आटला आणि 1999 मध्ये तो कोसळला. त्याच वेळी लंडन स्कॉटिशचीही तीच गत झाली. दोघांचे व्यावसायिक संघ लंडन आयरिशमध्ये विलीन झाले. मग दोन्ही क्लबांच्या सभासदांनी हौशी संघ तळाच्या श्रेणीतून पुन्हा उभे केले. रिचमंड 2012 ते 2016 या काळात एकेक पायरी चढत चॅम्पियनशिपपर्यंत परत आला, आणि अर्धवेळच राहिला. 2022-23 च्या तक्त्यात तो शेवटचा आला आणि खाली उतरला. पण उतरला एवढंच, बुडाला नाही. लंडन वेल्शही 2017 मध्ये चॅम्पियनशिपमधून काढला गेल्यावर नवव्या पातळीवरून पुन्हा खेळायला लागला.

याच वाटेने जर्सीला 2020 मध्येच मुद्दाम एक-दोन श्रेण्या खाली उतरता आलं असतं का? कागदावर हो. पण मुख्य भूमीवरच्या क्लबला खाली उतरलं की प्रवासाचा खर्च कमी होतो, शेजारपाजारच्या गावांत सामने होतात. जर्सी कितीही खाली उतरला तरी समुद्र तेवढाच. शिवाय ज्या माणसांनी पैसे दिले ते वरच्या दर्जाच्या रग्बीसाठी दिले होते. त्यामुळे हा पर्याय त्या काळात कोणी गंभीरपणे मांडला नसेल तर मी त्यांना दोष देणार नाही.

माझा खरा रोष युनियनवर आणि प्रीमियरशिपवर आहे. लीग चालवणाऱ्याने क्लबला वेळेवर सांगावं अशा गोष्टी थोड्या आहेत: पुढची तीन वर्षं अनुदान किती, बढतीचे निकष काय, रचना बदलणार असेल तर कधी. अनुदान कमी असेल तर असो. आकडा कळला की क्लब ताफा लहान करेल, अर्धवेळ होईल किंवा खाली उतरेल. आकडाच नसेल तर प्रत्येक क्लब आशेवर खेळाडूंशी करार करतो आणि सप्टेंबरात फसतो. सप्टेंबर 2024 मध्ये युनियनने प्रीमियरशिपच्या क्लबांशी आठ वर्षांचा करार केला. पहिली चार वर्षं दरसाल 3 कोटी 30 लाख पौंड. एवढ्या लांबची खात्री वरच्यांना देता येते, तर खालच्यांना निदान तीन वर्षांची का देता येऊ नये?

दुसऱ्या श्रेणीचा उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव पुरे. वेल्सचा स्क्रम-हाफ कीरन हार्डी 2017-18 मध्ये जर्सीकडून खेळला, तिथून स्कार्लेट्सकडे गेला आणि मग राष्ट्रीय संघात. वीस-बावीस वर्षांच्या पोराला दर शनिवारी प्रौढ माणसांविरुद्ध ऐंशी मिनिटं खेळायला मिळतात ती अशाच लीगमध्ये. मोठ्या क्लबच्या राखीव बाकावर बसून ते शिकता येत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न लवकरच येणार आहे. जून 2025 मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला: सात-सात खेळाडूंचं रग्बी, सहा फ्रँचायझी, बढती-पदावनतीचा प्रश्नच नाही. खेळ टीव्हीवर दिसला याचा मला मनापासून आनंद आहे. पण बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी उधारीच्या चेंडूवर सराव करणाऱ्या क्लबांना त्या लीगशी जोडणारी पायरी कोणती, हे आताच ठरवायला हवं.

नंतर

बेटावर रग्बी संपलं नाही. हौशी खेळाडू, मुलामुलींचे संघ होतेच, आणि जर्सी विरुद्ध शेजारचं बेट गर्न्सी ही सियाम कपची लढतही आहे. तो चषक 1920 पासून खेळला जातो. सियामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, चांदीच्या नाण्यांपासून तो घडवला आहे. रग्बीच्या चषकांचं आणि चांदीच्या नाण्यांचं नातं आपल्याकडून सुरू झालं. कलकत्ता फुटबॉल क्लबने 1870 च्या दशकात, सभासद टेनिस-पोलोकडे वळल्यावर, बँकेतले उरलेले रुपये काढून वितळवले, त्याचा चषक केला आणि इंग्लंडच्या युनियनला दिला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. तो क्लब मिटला तेव्हा कोणाचा पगार थकला नव्हता.

2023-24 मध्ये अकरा संघांची चॅम्पियनशिप ईलिंगने जिंकली. त्यांनाही बढती मिळाली नाही. मैदानाची 10,001 ची अट नोव्हेंबर 2023 मध्ये सैल करण्यात आली. 5,000 क्षमतेपासून सुरुवात करून काही वर्षांत वाढवायची मुभा आली. जर्सीचे व्यवहार थांबून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. 2025-26 पासून लीगचं नाव ‘चॅम्प रग्बी’ झालं, संघ 14 झाले, रिचमंड परत वर आला, आणि प्रीमियरशिपमध्ये बुडालेल्या वूस्टरलाही तिथे जागा मिळाली. 2023 च्या विजेत्याचं नाव त्या चौदांत नाही.